तुरुंगातला चित्रकलेचा वर्ग: सुधारायचं कोणाला?

प्रश्न असा आला आहे: "कला महाविद्यालयातले आम्ही सहा-सात जण आमच्या जिल्ह्यातल्या कारागृहात चित्रकलेचा वर्ग सुरू करायचं म्हणतोय. वर्षअखेरीस प्रदर्शन भरवून चित्रं विकायचाही बेत आहे. पण आमच्यातल्याच एकीने विचारलं, यानं कैदी खरंच सुधारतात का? न्यायव्यवस्थेत काही फरक पडतो, की नुसतं कौतुक होऊन जातं? आणि ज्यांचं या लोकांनी नुकसान केलं, त्यांना काय वाटेल?"

सतरा वर्षं मी हे काम करते आहे. सुरुवातीला पुरुषांच्या बॅरेकमध्ये आणि गेली काही वर्षं महिला विभागातही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. वर्ग जरूर सुरू करा, पण 'चित्रकलेने कैदी सुधारतात' हे वाक्य परवानगीच्या अर्जात, बॅनरवर, उद्घाटनाच्या भाषणात, कुठेही येऊ देऊ नका.

तुमच्यासमोर वही घेऊन बसणाऱ्या बहुतेक मुलांना अजून शिक्षा झालेलीच नसते. आत त्यांना 'कच्चे' म्हणतात, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारांतले तीन. आणि देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता त्या दिवशी होती ४,३६,२६६. हे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे त्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरली आहे. शिक्षा झालेले लाखभराहून जास्त त्याच्यावर.

मग अशा मुलाच्या हातात रंगाची डबी देऊन 'तू सुधार' असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं? कारागृहाच्या कमानीवर 'सुधारणा व पुनर्वसन' लिहिलेलं असतं. दर आठवड्याला त्याखालून आत जाताना मला वाटतं, हा पहिला शब्द आतल्या माणसाला लावायच्या आधी त्याला आत ठेवणाऱ्या सगळ्या साखळीला लावून बघायला हवा. अटक, रिमांड, तारीख, वकील, जामीन. चित्रकलेचा वर्ग ही साखळी तोडू शकत नाही. पण ती कुठे अडकली आहे हे या वर्गातून फार स्पष्ट दिसतं, आणि बाहेरच्या चार माणसांना दाखवता येतं. माझ्या लेखी वर्गाचं काम ते आहे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी चित्रं मिळतील त्यांवर भाळू नका. पिंजऱ्यातला पोपट, तुटलेली बेडी, डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता, हात जोडलेली आई. मॅडमना हेच हवं असणार असं त्यांना वाटतं, आणि पाहुण्यांना दाखवायलाही हीच बरी पडतात. थांबा. नारळ काढून द्या, चप्पल काढून द्या, समोर बसलेल्याचा कान काढायला सांगा. बघून काढायची सवय लागली की मग खरं काहीतरी कागदावर यायला लागतं.

एका मध्यवर्ती कारागृहात माझ्याकडे एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. बाहेर ट्रकच्या मागच्या फळ्या आणि नंबरप्लेटी रंगवायचा, त्यामुळे हात बसलेला. महिना-दीड महिन्याने त्याने रात्रीची बॅरेक काढून आणली. वरून बघितल्यासारखी. कुशीवर झोपलेली माणसं, पाण्याचा पिंप, संडासाची अर्धी भिंत, रात्रभर चालू असलेला दिवा, खिडकीचे गज. मी सतरा वर्षांत पाहिलेल्या चांगल्या रेखाटनांपैकी ते एक. तपासणीला आलेल्या तुरुंगाधिकाऱ्यांनी ते बाजूला काढलं. म्हणाले, "मॅडम, यात दार, खिडक्या, लाइट सगळं आलंय. हा नकाशा झाला. बाहेर नाही जाऊ देता येणार." बोलले नीट, आणि नियमाने त्यांचं चुकलंही नव्हतं. चित्र टेबलाच्या खणात गेलं.

दोन आठवड्यांनी मुलाने दुसरा कागद आणला. त्यात भिंत नव्हती, दार नव्हतं, दिवा नव्हता. नुसते पाय. दोन ओळींत झोपलेल्या माणसांचे मधल्या वाटेकडे आलेले पाय. एकाच्या टाचेला भेगा, एकाच्या घोट्याला काळा दोरा, एकाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, एकाचा मोजा फाटून अंगठा बाहेर. मी विचारलं, हे सगळं आठवून काढलंस? तो म्हणाला, "ताई, रात्रभर दुसरं दिसतंच काय. एकानं कूस बदलली तर अख्ख्या लाइनीला बदलावी लागते." तेच अधिकारी तो कागद हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग एका पायावर बोट ठेवून म्हणाले, "हा कोर्टातून चप्पल हरवून आलेला ना?" आणि चित्र जाऊ दिलं.

प्रदर्शनात एक निवृत्त न्यायाधीश आले होते. इतर चित्रांपुढून चालत आले आणि इथे थांबून त्यांनी पाय मोजले. शहाऐंशी. मला विचारलं, "त्रेचाळीस माणसं. या बॅरेकची क्षमता किती?" दारावर पाटी असते, वीस. मी सांगितलं. पुढे त्यांनी माझ्याकडून कच्च्या बंद्यांच्या तारखांची माहिती मागवून घेतली आणि दोन-तीन वकिलांना या कामाला लावलं. प्रदर्शन भरवायचं असेल तर असा प्रश्न कोणाच्या तरी मनात यावा म्हणून भरवा. 'किती सुंदर, आणि कैद्यांनी काढलंय!' एवढंच ऐकून घरी यायचं असेल तर हॉलचं भाडं वाया.

आता तारखेबद्दल. हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. मी वर्गात कोणालाही गुन्हा विचारत नाही. पुढची तारीख कधी, आणि जामीन झालाय का, एवढंच विचारते. चित्र काढताना माणूस मान खाली घालून बोलतो, आणि मान खाली असली की खरं बोलतो. एक मुलगा असाच शेडिंग करता करता म्हणाला, "जामीन होऊन चार महिने झाले, ताई." पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. मुलगा कामासाठी परराज्यातून आलेला, इथे सॉल्व्हन्सी, म्हणजे तेवढी ऐपत असल्याचा दाखला, दाखवणारं त्याचं कोण असणार? कोर्टाने सोडायला सांगितलेलं होतं आणि तो माझ्यासमोर सफरचंद रंगवत बसला होता. आम्ही त्याचं नाव गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं, त्यांच्या वकिलांनी अट बदलून वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज केला. तीन आठवड्यांत तो बाहेर. सफरचंद अर्धंच राहिलं, ते माझ्याकडे आहे.

हे करायला वकील असण्याची गरज नाही, पण तीन गोष्टी पाठ असू द्या. पहिली: सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. दुसरी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९. पूर्वी कधीही कोणत्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तो सुटायला पात्र ठरतो. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही. कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी कायद्याने अधीक्षकांवर टाकली आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू. तिसरी: केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठीची २०२३ ची योजना, ज्यात जामिनाच्या रकमेसाठी मदत मिळू शकते (२०२३ मध्ये तिची मर्यादा ४०,००० रुपये होती). हे सगळं कागदावर आहे. पण कोणाला किती महिने झाले हे मोजायला माणूस लागतो, आणि आठवड्यातून एकदा वर्गाच्या हजेरीचा कागद घेऊन आत जाणारे तुम्ही ते सहज करू शकता. हजेरीत नावापुढे एक रकाना वाढवा, 'अटकेची तारीख' म्हणून. आमच्या सगळ्या खटपटीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणती म्हणाल तर हा रकाना.

नावाच्या बाबतीतही तितकंच काटेकोर राहा. इंग्लंडमधल्या विंडसर किल्ल्यात वॉटर्लू चेंबर नावाचं दालन आहे. तिथे अंथरलेला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला, १८९४ मध्ये. राणीचं नाव सगळ्यांना माहीत, गाव माहीत, तुरुंग माहीत. विणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्यासोबत आलेलं नाही. त्या काळी आपल्या येरवड्यातही असेच गालिचे विणले जायचे. सव्वाशे वर्षांनी आम्ही एका प्रदर्शनाला चित्रं दिली, तर आयोजकांनी प्रत्येकाखाली एकच चिठ्ठी लावली होती: 'एका बंद्याची कलाकृती'. चित्रं विकली गेली, पैसे कुठल्याशा कल्याण निधीत जमा झाले, आणि काढणाऱ्यांना महिनाभर पत्ताच नव्हता. मी आधी लिहून घेतलं नव्हतं, ती चूक माझी. त्यानंतर कधी तोंडी बोलण्यावर विसंबले नाही.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की चित्र विकलं, हक्क विकले, तरी 'हे माझं आहे' असं सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. तुरुंगात गेल्याने तो जातो असं कायद्यात कुठेही नाही. कारागृहाच्या कारखान्यात मजुरीवर बनवलेली वस्तू आणि वर्गात स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीच्या पत्रातच हा फरक लिहून घ्या. मात्र नाव लावायचं की नाही, हे काढणाऱ्याला ठरवू द्या. कोणाच्या बहिणीचं लग्न ठरत असतं, कोणी गावात 'दुबईला गेलाय' म्हणून सांगितलेलं असतं. पूर्ण नाव, आद्याक्षरं किंवा काहीच नाही, असे तीन पर्याय त्याच्यापुढे ठेवा. चेहऱ्याचा फोटो कधीच नको. आणि खटला चालू असताना त्या घटनेचं चित्र किंवा त्याबद्दलचा मजकूर बाहेर नेऊ नका, त्याच्याच विरुद्ध जायचा.

'आम्ही तुम्हाला परवानगी दिली हीच मोठी गोष्ट' असं कोणी ऐकवलं, तर मनात एक खटला आठवा. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहिलं, शुद्ध विज्ञानाचं. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, ती सरकारने १९६४ मध्ये नाकारली. सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धतेच्या नियमांत जे हक्क दिलेत तेवढेच त्याला. पुस्तक बाहेर पाठवायचा हक्क त्यात नाही. उच्च न्यायालयाने हे मानलं नाही आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानलं नाही. ते नियम म्हणजे सवलतींची यादी नाही, त्यात फक्त बंधनं सांगितली आहेत. जे बंधन लिहिलेलं नाही ते घालता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मंडालेहून सुटताना टिळकांच्या वह्याही सरकारने ठेवून घेतल्या होत्या, पुढे परत दिल्या. तेव्हा परकं सरकार होतं. संझगिरींना स्वतंत्र भारतात, एका मराठी विज्ञानपुस्तकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. ते राजकीय स्थानबद्ध होते, शिकलेले होते, बाहेर माणसं होती. नंबरप्लेटी रंगवणाऱ्या मुलाचा कागद खणात गेला तर त्याच्यासाठी कोण कोर्टात जाणार?

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये मजुरी आहे, अकुशलाला ५३. नाशिकरोडच्या बंद्यांनी घडवलेले गणपती लोक आवडीने घरी नेतात, कारागिरीचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण कौतुक करताना हे ७४ रुपयेही ध्यानात ठेवा. तुमच्या प्रदर्शनात चित्राची किंमत बाहेरच्या चित्रकाराच्या चित्राला लावाल तशीच लावा, दयेची सवलत नको. साहित्याचा खर्च वजा करून पैसे काढणाऱ्याच्या खात्यावर किंवा त्याने सांगितलेल्या घरच्या माणसाकडे जाऊ द्या, आणि पावती त्याच्या हातात द्या.

परदेशात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. ब्रिटनमध्ये लेखक आर्थर केस्लर यांनी १९६२ मध्ये सुरू केलेले पुरस्कार आजही बंद्यांच्या कलेला दिले जातात. स्वतः केस्लर १९३७ मध्ये स्पेनच्या तुरुंगात मृत्यूच्या छायेत दिवस काढून आलेले. अमेरिकेत जेसी क्राइम्स नावाच्या चित्रकाराने तुरुंगातल्या ३९ चादरींवर केसांची जेल आणि चमचा वापरून वर्तमानपत्रातली छायाचित्रं उतरवली आणि एकेक चादर टपालाने बाहेर पाठवली. सगळं चित्र सलग त्याने पाहिलं ते सुटल्यावरच. २०१७ मध्ये त्याने आणि आणखी एका माजी बंदी चित्रकाराने मिळून, सुटून आलेल्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. त्याच वर्षी ॲग्नेस गुंड या संग्राहक बाईंनी आपल्याकडचं रॉय लिख्टेनस्टाइन या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचं एक चित्र विकून १० कोटी डॉलर तुरुंगातली गर्दी कमी करण्याच्या कामाला दिले. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिष्यवृत्ती. आपल्याकडे आत असेपर्यंत बंद्याच्या चित्राला टाळ्या मिळतात आणि सुटून आल्यावर त्याला कोणी फ्रेमच्या दुकानातही कामाला ठेवत नाही. तुमच्या बेतात सुटल्यानंतरचे सहा महिने धरले आहेत का, ते बघा.

महिला विभागात जाणार असाल तर कागदाबरोबर कापडही न्या. माझ्याकडे पहिल्या दिवशी एकही बाई पेन्सिल हातात घेईना, "आम्हाला कुठं येतंय" म्हणून. जुन्या साड्यांचे तुकडे नेले तेव्हा दुपारभर बोलणं आणि टाके दोन्ही चाललं. सुई मात्र मोजून, एकेक, आणि तिथल्या शिपाई बाईंच्या समोर. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत असतात, त्यांच्यासाठी वेगळे खडू ठेवा, नाहीतर आईच्या वाटणीचे तीच संपवतात.

आणखी एक बारीक गोष्ट, पण मी तिला बारीक मानत नाही. वर्ग सुटल्यावर ब्रश धुवायला, फरशी पुसायला कोण उठतो ते बघा. दर वेळी तेच दोघं उठत असतील तर का, ते विचारा. तुरुंगातल्या कामांची जातीवर वाटणी घटनाबाह्य आहे, असा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि नोंदवह्यांतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितलं. ती याचिका मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची. निकाल लागला तरी वर्षानुवर्षांची सवय आपोआप जात नाही. माझ्या वर्गात आता हजेरीच्या क्रमाने पाळी लावलेली असते, आणि पहिली पाळी माझी.

तुमच्या मैत्रिणीचा शेवटचा प्रश्न मी टाळणार नाही. एका प्रदर्शनात एक बाई आल्या होत्या. त्यांच्या भावाचा खून झालेला, आरोपी दुसऱ्याच तुरुंगात. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांना रंग मिळाले. माझ्या भावाला काय मिळालं?" मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांना चहा दिला आणि शेजारी बसले. त्या दिवसापासून चित्राशेजारी पश्चात्तापाची गोष्ट चिकटवणं आम्ही बंद केलं. पश्चात्ताप झाला असेल तर तो ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढे व्यक्त व्हायला हवा, तिकीट न काढता हॉलमध्ये आलेल्या पाहुण्यांपुढे त्याचं काय काम? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या खटल्यात बंद्यांना योग्य मजुरी द्या असं सांगितलं, तेव्हाच त्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याचाही विचार मांडला होता. ब्रिटनमधल्या केस्लर प्रदर्शनात विक्रीचा एक वाटा गुन्ह्याची झळ पोचलेल्यांच्या मदतसंस्थेला जातो. तुम्हीही शिक्षा झालेल्या बंद्यांना हे विचारून बघा. आमच्याकडे विचारल्यावर बरेच जण हो म्हणाले. कच्च्यांना मात्र विचारू नका. त्यांच्यावर अजून काही शाबित झालेलं नाही.

शेवटी पहिल्या दिवसाची तयारी. तैलरंग आणि टर्पेंटाइन विसरा, आत येऊ देणार नाहीत. पोस्टर कलर प्लॅस्टिकच्या डब्यांतले, काचेची बाटली नको, स्टीलची पट्टी नको, कटर नको, शार्पनरही नको, त्याचं पातं निघतं. पेन्सिली घरून तासून न्या. आणि मोजा. माझ्या दुसऱ्या वर्षी वर्ग संपल्यावर एक पेन्सिल कमी भरली. सगळ्यांना उन्हात बसवून झडती सुरू झाली, बिस्तरे उलटेपालटे, पाऊण तास. पेन्सिल सापडली माझ्याच ड्रॉइंग बोर्डाच्या क्लिपखाली. माझ्या हलगर्जीपणापायी चाळीस माणसांची झडती झाली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतली अकराच वर्गाला आली. पूर्वीइतकी गर्दी व्हायला चार महिने लागले. तेव्हापासून मी दहा-दहाच्या जुड्या रबर लावून नेते आणि आत जाताना, बाहेर येताना हवालदारांसमोर मोठ्याने मोजते. तुम्ही सुरुवातीला वीसच न्या.